औषध फुकट, आजार महाग

दसरा जवळ आला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्यासारख्या दवाखान्यांत एक ठराविक गर्दी होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, आणि गाव सोडण्यापूर्वी अंगातली कुरकुर निस्तरून घ्यावी म्हणून ऊसतोडीला निघालेली जोडपी येतात. कुणाला गुडघ्यासाठी गोळ्या हव्या असतात, कुणाला लेकरासाठी तापाची बाटली, आणि बहुतेकांना एक ‘ताकदीचे इंजेक्शन’.

२०२२ च्या दसऱ्याआधी अशाच गर्दीत तिशीतला एक गडी आला. तीन आठवड्यांपासून खोकला, संध्याकाळी अंगात कणकण. मी छाती तपासली, पाच दिवसांच्या जंतुनाशक गोळ्या आणि खोकल्याची बाटली लिहून दिली. त्याला बरे वाटले आणि तो बायकोला घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर निघून गेला. पुढच्या पाडव्याला परत आला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. गालफडे बसलेली, थुंकीत रक्त. सरकारी रुग्णालयात थुंकी तपासली. टी.बी. निघाला, आणि तोही साध्या औषधांना दाद न देणारा.

मी त्याला धीर दिला. म्हटले, “दादा, घाबरू नको. औषधे सगळी फुकट मिळतात.” त्यावर तो जे बोलला ते अजून कानात आहे. “गोळ्या फुकट हायेत हे कळलं सायेब, पण उचल कुठं फुकट हाय?”

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

माझी चूक

आधी माझा हिशेब देतो, मग इतरांचा मागतो. मी त्याला दिलेल्या गोळ्या लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या होत्या. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडेफार चालते. त्यामुळे पाच दिवसांत ताप उतरतो, खोकला हलका होतो आणि रुग्ण व डॉक्टर दोघेही फसतात. माझ्या गोळ्यांनी त्याला टी.बी. झाला नाही, पण झालेला टी.बी. त्यांनी झाकून ठेवला. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे आधी थुंकीची तपासणी, हे मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो होतो. गर्दीच्या दिवशी विसरलो. त्याची किंमत त्याने भरली.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, म्हणूनच ती लिहिण्याजोगी आहे. १९९१ साली मुंबईच्या धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांना टी.बी.च्या रुग्णासाठी औषधे लिहायला सांगितली, तेव्हा त्यांनी मिळून ८० वेगवेगळ्या प्रकारे औषधे लिहून दिली. सुमारे वीस वर्षांनी पुन्हा तसाच अभ्यास झाला. त्यात १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकार लिहिले, आणि त्यांतल्या फक्त ६ जणांचे औषध बरोबर होते. हा दुसरा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तो करणारे डॉ. झरीर उदवाडिया यांनीच २०१२ च्या सुमारास मुंबईत कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या टी.बी.चे रुग्ण जगापुढे आणले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. खळबळ उडते आणि खाली बसते. चुकीची चिठ्ठी मात्र गावोगाव लिहिली जात राहते.

रोग दाद का देत नाही?

साध्या टी.बी.ला सहा महिन्यांची औषधे पुरतात. त्यांतली दोन प्रमुख म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड. या दोन्हींना जो जंतू जुमानत नाही, त्याला बहुऔषध-रोधक म्हणतात. असा जंतू दोन प्रकारे तयार मिळतो. एक, अर्धवट किंवा चुकीचे औषध घेतल्याने शरीरातच तो निगरगट्ट बनतो. दोन, ज्याच्या छातीत तो आधीच आहे अशा माणसाच्या खोकल्यातून तो थेट दुसऱ्याला लागतो. म्हणजे आयुष्यात टी.बी.ची एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. सरकारने २०१४ ते २०१६ या काळात देशभर पाहणी केली. तीत नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६ टक्के रुग्णांत हा जंतू आढळला.

या आजाराचे उपचार पूर्वी फार कठोर होते. सरकारी कार्यक्रमात ते २००७ साली गुजरात आणि महाराष्ट्रात सुरू झाले. दोन वर्षे गोळ्या आणि सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी किती जणांचे कान गेले! मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेसन यांना टी.बी.च्या औषधांच्या दुष्परिणामाने बहिरेपण आले. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने ती वाढ नाकारली. स्वस्त औषधाचा मार्ग मोकळा झाला.

विज्ञान पुढे गेले आहे, हे आनंदाने सांगितले पाहिजे. इंजेक्शने गेली. दोन वर्षांचे उपचार नऊ ते अकरा महिन्यांवर आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या उपचाराला मान्यता दिली. हा उपचार योग्य रुग्णांत सहा महिन्यांत संपतो. थुंकीतला जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे सीबीनॅट यंत्रावर दोनेक तासांत कळते. ट्रूनॅट नावाचे असेच छोटे यंत्र तर गोव्याच्या कंपनीने बनवले आहे. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही ठेवता येते.

मग अडते कुठे? अडते ते घराच्या उंबऱ्याशी.

तीन वाटा, तीन हिशेब

तज्ज्ञ मंडळी अशा आजाराच्या उपचारांचे आराखडे मांडतात. रुग्ण कोणत्या वाटेने जाईल, कुठे अडखळेल आणि प्रत्येक वळणावर किती खर्च येईल, याचे गणित करतात. मी ते गणित आमच्या भागातल्या एका घरासाठी चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर करून पाहिले. आकडे ढोबळ आहेत, पण गृहीते उघड सांगतो, म्हणजे वाचकांना ती तपासता येतील.

नवरा-बायको दोघे मजुरी करतात. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, तोच धरू. वर्षाला प्रत्येकी २०० दिवस काम मिळाले, तर घराची वर्षाची कमाई १,२४,८०० रुपये. जागतिक आरोग्य संघटनेने असे ठरवले आहे की, टी.बी.मुळे घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक भार पडला तर तो त्या घरावर आलेला आर्थिक घाला समजावा. बुडालेली मजुरीही त्यात धरतात. आपल्या या घरासाठी ती रेषा २४,९६० रुपयांवर येते. महिन्याला २५ दिवसांचे काम बुडाले तर नुकसान ७,८०० रुपये.

पहिली वाट सरळ आहे. खोकला दोन आठवड्यांचा झाला, त्याच दिवशी थुंकी तपासली, जंतू ओळखला, सहा महिन्यांचा उपचार सुरू झाला. पहिले तीन महिने रुग्णाला काम होत नाही, म्हणून २३,४०० रुपये बुडाले. दर महिन्याला तपासणीसाठी बायको सोबत गेली, तिचे सहा दिवस म्हणजे १,८७२ रुपये. एकूण २५,२७२. म्हणजे सगळे वेळेवर आणि बिनचूक झाले, एका पैशाचे औषध विकत घेतले नाही, तरीही हे घर धोक्याची रेषा ओलांडून गेले!

दुसरी वाट वळणाची आहे. तीन महिने या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, त्या काळात निम्मे काम बुडाले, ११,७०० रुपये. सहा वेळा फी आणि औषधे मिळून ३,०००. मग तपासणी न करताच साध्या टी.बी.ची औषधे दोन महिने, काम पूर्ण बंद, १५,६००. त्यानंतर योग्य उपचार, त्याचा खर्च पहिल्या वाटेइतकाच. एकूण ५५,५७२ रुपये.

तिसरी वाट तुटलेली आहे. दुसऱ्या वाटेने येऊन उपचार सुरू झाला, पण पोटासाठी माणूस औषधे टाकून ऊसतोडीला गेला. परत आला तेव्हा जंतू त्या नव्या औषधांनाही सरावला होता. आता सहा महिन्यांची वाट बंद, अठरा महिन्यांची लांब वाट उरली. त्यांतले सहा महिने जरी अंथरुणात गेले तरी मजुरी बुडाली ४६,८००, आणि बायकोचे अठरा दिवस म्हणजे ५,६१६. आधीच्या भटकंतीचे ३०,३०० मिळवले तर ८२,७१६ रुपये. वर्षाच्या कमाईचे दोन तृतीयांश. यात एस.टी.चे भाडे नाही, अंडी-दूध नाही, सावकाराचे व्याज नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला लागण झाली तर त्याचा खर्चही नाही.

आपल्याकडे म्हण आहे, घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेत ५७,४४४ रुपयांचा फरक आहे. त्यातला बहुतेक भाग हेलपाट्यांचा आणि खंडाचा आहे.

उचल आणि खाडा

ऊसतोडीचा जिल्हा म्हणून आपल्याकडे हे गणित आणखी बिकट होते. येथे मजूर एकेकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर उचल दिलेली असते आणि हंगामभर तोडून ती फेडायची असते. एक जण आजारी पडला की उरतो अर्धा कोयता, आणि फडात एक दिवस गैरहजर राहिले की खाडा, म्हणजे दंड लागतो. आजारी माणसाची मजुरी बुडते आणि वर तो देणेकरीही होतो. असा माणूस थुंकी तपासायला फड सोडून जाईल कसा? आणि निदान झाल्यावर घरी थांबेल कसा?

एक गोष्ट येथे आठवते. १९५० च्या दशकात टी.बी.च्या रुग्णाला आरोग्यधामात पाठवत. मिरजेजवळ वानलेसवाडीला असे मोठे आरोग्यधाम होते. तिथे खाट, जेवण, विश्रांती सगळे संस्थेकडे. मद्रासच्या संशोधकांनी १९५९ साली दाखवून दिले की नियमित औषधे दिली तर घरी राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो. हा शोध जगभर गाजला, आणि तो योग्यच होता, कारण लाखो रुग्णांना खाटा मिळणे शक्य नव्हते. पण रुग्ण घरी आला तेव्हा औषध त्याच्या मागोमाग आले. खाट, जेवण आणि विश्रांती यांचा भार मात्र गुपचूप घरावर पडला. तो आजवर घरच वाहते आहे.

सरकारची मदत

सरकार काहीच देत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यावर महिन्याला ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. गावातली आशाताई गोळ्या देऊन लक्ष ठेवते, तिला अशा अवघड रुग्णामागे ५,००० रुपये मानधन ठरले आहे. २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कोणीही नागरिक किंवा संस्था रुग्णाला शिधा देऊ शकते.

आहाराचा उपयोग वरवरचा नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना सहा महिने पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने टी.बी. होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ यांनी लसीसारखे काम केले.

पण आपल्या हिशेबाशी ताडून पाहा. सरळ वाटेच्या सहा महिन्यांत मदत ६,००० रुपये आणि नुकसान २५,२७२. एका रुपयातले चार आणेसुद्धा भरून निघत नाहीत. त्यातही खाते, आधार, केवायसी यांत एक अक्षर चुकले की पैसे अडकतात, आणि कडकी असते ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत. भूक आज आणि भाकरी पुढच्या तिमाहीला, अशी गत होते.

काय करता येईल?

माझे मत स्पष्ट आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टी.बी.च्या रुग्णाला पहिल्या तीन महिन्यांची बुडीत मजुरी रोजगार हमीच्या दराने, निदान झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावी. आमच्या हिशेबाने ती २३,४०० रुपये होते. लोक म्हणतील, एवढा पैसा कुठून आणायचा? वाट तुटली तर फक्त त्या घराचे याच्या साडेतीन पट नुकसान होते, आणि अठरा महिन्यांची महागडी औषधे सरकारलाच घ्यावी लागतात. शिवाय तो रुग्ण जितके दिवस उपचाराविना खोकतो तितके दिवस तो जंतू कोपीकोपीत वाटत फिरतो. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. त्याच्या कामात या खर्चाला पहिला मान असायला हवा.

दुसरी गोष्ट, टोळी निघण्यापूर्वी तपासणी. दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात गावोगाव खोकणाऱ्यांची थुंकी घ्यावी. मुकादमाकडे प्रत्येक कोयत्याची यादी असतेच, ती उचलीसाठी वापरतात तशी आरोग्यासाठीही वापरावी. तिसरी गोष्ट, ज्याचे उपचार चालू आहेत त्याचा निक्षय क्रमांक बीडला नोंदवलेला असला तरी औषध सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या आरोग्य केंद्रात मिळू शकते. नोंद दुसरीकडे पाठवण्याची सोय आहे. कारखान्याच्या तळावर कुणीतरी त्यासाठी जबाबदार नेमलेला हवा, एवढेच. आणि आजाऱ्याच्या दिवसाला खाडा लावू नये, हे करारातच लिहून टाकावे.

चौथी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी. दोन आठवड्यांच्या खोकल्याला क्विनोलोन गटातली गोळी लिहू नका. थुंकी पाठवा. टी.बी.चा रुग्ण सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि खाजगी डॉक्टरला त्यासाठी अल्प मानधनही मिळते. रुग्ण हातचा जाईल ही भीती सोडा. तपासणीला पाठवलेला रुग्ण बरा होऊन परत येतो आणि चार जण सोबत आणतो.

वाचकांनी लक्षात ठेवावे

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी द्या. ‘रिफाम्पिसिनची तपासणी झाली का?’ असे नाव घेऊन विचारा. उपचार चालू असताना पायांना मुंग्या, अंधुक दिसणे, छातीत धडधड, पिवळे डोळे असे काही जाणवले तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. बाहेरगावी जायचे असेल तर जाण्याआधी आशाताईला कळवा. शंका असल्यास १८००११६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते.

आणि त्या गड्याचे काय झाले? २०२३ च्या पाडव्यानंतर त्याचे उपचार सुरू झाले, नऊ महिन्यांचे. आशाताई पाठीशी उभी राहिली. त्याने एकही दिवस चुकवला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो बरा झाला. पण मधल्या दसऱ्याला मुकादम दाराशी आला होता. आधीच्या हंगामाची उचल फिटली नव्हती. नवरा घरी, म्हणजे अर्धा कोयता. तो पुरा करायला सातवीतली तेरा वर्षांची मुलगी आईबरोबर मोळ्या बांधायला गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही.

सरकारी नोंदीत तो रुग्ण ‘बरा झाला’ या रकान्यात आहे, आणि ते खरेच आहे. मी वर मांडलेल्या हिशेबात या मुलीसाठी रकाना नाही. शोधूनही मला तो मांडता आला नाही. माझ्या पाच दिवसांच्या चिठ्ठीपासून तिच्या कोऱ्या पाटीपर्यंत सरळ रेघ जाते, हे मात्र मला दिसते. आता दसऱ्याआधी खोकत येणाऱ्या माणसाला मी गोळी देण्याआधी थुंकीची डबी देतो.